प्लास्टिकच्या फिल्मवरचं कलम का धरत नाही? या चुका टाळा

आंब्याचं कोय कलम कोकणात पावसाळ्यातच बांधतात, दमट हवेत काडी सुकत नाही म्हणून. आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या फिल्मवर स्टायरिनचं कलम करतो, म्हणजे फिल्मच्या रेणूंच्या साखळ्यांवर स्टायरिन या द्रवाच्या नव्या साखळ्या वाढवतो, प्रोटॉन वाहून नेणारी पट्टी बनवायला. ते कलम मात्र त्याच दिवसांत जास्त बिघडतं.

पहिली चूक बाटलीतच असते. विकतच्या स्टायरिनमध्ये ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून इनहिबिटर घातलेला असतो. सौम्य कॉस्टिक सोड्याने धुऊन, सुकवून, डिस्टिल करूनच घ्या. द्रवातून नायट्रोजनही नीट फिरवा, कारण ऑक्सिजन रेडिकल, म्हणजे जिथून साखळी वाढते ती क्रियाशील टोकं, गिळून टाकतो.

फिल्मवर हे रेडिकल गॅमा किरणांनी तयार होतात; ती किरणं आम्ही मुंबईहून देऊन आणतो. एकदा फिल्म रात्रीच्या गाडीने साध्या पिशवीतून आली आणि कलम जवळजवळ धरलंच नाही. उष्म्याने रेडिकल मरतात. आता थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस असतो. किरणांच्या डोसचा हिशोबही ताजा हवा: ती देणाऱ्या कोबाल्ट-60चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे वर्षापूर्वीचा डोस रेट (तासाला मिळणारा डोस) धरला तर सुमारे 12 टक्के फसगत. आणि पीव्हीडीएफचा डोस टेफ्लॉनला देऊ नका, त्याच्या साखळ्या तुटून पट्टी ठिसूळ होते.

सगळ्यात फसवं असतं ते वजन. 1.00 ग्रॅमची फिल्म 1.42 भरली म्हणून मी खूश झालो होतो. टोल्युइन या द्रावकात सॉक्सलेटला, म्हणजे द्रावकाने पुन्हापुन्हा धुणाऱ्या उपकरणाला, लावून सुकवली, तर 1.23! बाकीचं नुसतं चिकटलेलं पॉलिस्टायरिन, म्हणजे कलम न झालेल्या स्टायरिनच्या सुट्या साखळ्या. वजन स्थिर होईपर्यंत धूत राहा. तरीही कलम पृष्ठभागावरच अडकलेलं असू शकतं, कारण ते बाहेरून आत सरकतं. सल्फोनेशननंतर (कलमावर प्रोटॉन वाहणारे आम्लगट बसवल्यावर) ब्लेडने आडवा काप घ्या, आम्लगटांना धरणाऱ्या मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवा, भिंगाखाली बघा. मध्ये पांढरी रेघ राहिली असेल, तर तिथून प्रोटॉन जाणार नाहीत. सच्छिद्र फिल्मचं दुखणं उलटं: कलम जास्त झालं की छिद्रंच बुजतात.

सल्फोनेशनचं क्लोरोसल्फोनिक आम्ल जुलैच्या हवेत नुसतं उघडलं तरी धुरतं. फ्यूम हूडशिवाय हात लावू नका. आम्लातून काढलेली फिल्म थेट पाण्यात टाकलीत, तर तडकते. आधी कोरड्या डायक्लोरोइथेन या द्रावकात खळबळून घ्या.

फिल्म टेबलावर उघडी ठेवून मोजलेली कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) जुलैत चांगली येते, जानेवारीत पडते. आयन पाण्यातून चालतात, आणि पट्टी हवेतलं पाणी पिते. म्हणून रात्रभर शुद्ध पाण्यात भिजवून मोजा, आणि तापमान वहीत आकड्याशेजारीच लिहा.