मशीन शॉपची खरेदी संगणकावर आणताना: आधी यादी, मग मंजुरी

भोसरी, शिरोली किंवा अंबडच्या वीस-तीस कामगारांच्या मशीन शॉपमध्ये खरेदी बहुतेक फोनवर आणि चिठ्ठीवर चालते. स्टोअरकीपर चिठ्ठी देतो, परचेसवाला भाव ठरवतो, टेम्पो येतो, आणि महिनाअखेरीस अकाउंट्सच्या टेबलावर असं बिल पडतं की ते कोणी मागवलं, कोणत्या भावाने, हे कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं संगणकावर आणायचं ठरलं की पहिली मागणी असते मोबाईलवर मंजुरीची, कारण मालकाला ती दिसते. पण वस्तूंची यादी आणि स्टोअरची आवक नीट नसेल, तर मंजुरीच्या बटणाने चुकीच्या ऑर्डरी फक्त लवकर सुटतात. म्हणून क्रम असा धरा: यादी, सप्लायर, आवक, बिल, आणि सगळ्यात शेवटी मंजुरी व आपोआप इंडेंट, म्हणजे साठा घटला की सिस्टिमने स्वतः काढलेली खरेदीची मागणी.

सॉफ्टवेअरवर फार दिवस घालवू नका. हिशेब टॅलीप्राइमवर असेल तर परचेस ऑर्डर, आवक नोंद आणि रिऑर्डर लेव्हल (साठा इतका उरला की पुन्हा मागवायचं, ती पातळी) त्यातच आहेत, फक्त वापरात नसतात. मंजुरीचे टप्पे आणि अनेक गोदामं हवी असतील तर मुंबईत तयार झालेलं, मुक्त स्रोत इआरपीनेक्स्ट हे खरेदी-साठा-हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या. पुढची उदाहरणं त्यातली आहेत.

वस्तूंची यादी

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. ६२०४ नंबरचं बेअरिंग जुन्या यादीत ‘बेअरिंग ६२०४’, ‘६२०४ झेडझेड’, ‘बेरिंग छोटं’ अशा तीन नावांनी सापडेल. तिघांचा शिल्लक साठा वेगळा दिसतो, म्हणून रॅकवर माल असताना नवा मागवला जातो. नावाचा एकच साचा ठरवा: प्रकार, माप, ग्रेड, मेक. जुन्या नोंदी पुसू नका, एकीत विलीन करा, म्हणजे मागचे व्यवहार टिकतात. एचएसएन कोडही (जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा क्रमांक) याच वेळी भरा. नवीन वस्तू उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. तो पाच जणांकडे असला की सहा महिन्यांत यादी पुन्हा होती तशी होते.

मग एकक. कार्बाइड इन्सर्ट (कटिंग टूलला लावायच्या बदलत्या पात्या) दहाच्या पाकिटात येतात, स्टोअरमधून एकेक दिले जातात. साठ्याचं एकक ‘नग’, खरेदीचं ‘पाकीट’, रूपांतर १० असं भरा. ते राहिलं तर १० पाकिटांची आवक १० नग म्हणून चढते. गोल बार किलोने विकत घेतात आणि लांबीने कापतात. त्याचं सूत्र: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते मिळतं. २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो भरतो, सहा मीटरचा सुमारे २३.१५ किलो. साठा किलोमध्ये ठेवा आणि मीटरचं रूपांतर प्रत्येक व्यासाला वेगळं द्या. एकदा व्यवहार झाला की इआरपीनेक्स्ट साठ्याचं एकक सरळ बदलू देत नाही, नवीन वस्तू उघडावी लागते. त्यामुळे हा निर्णय पहिल्या आवकेच्या आधीच घ्या.

सप्लायर

प्रत्येक पार्टीचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासून भरा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, असेल तर सूक्ष्म, लघु की मध्यम, आणि उत्पादक की नुसता व्यापारी, हेही विचारून ठेवा. पुढे पैसे देण्याच्या मुदतीला ते लागतं. बँक खातं एकाने भरावं आणि दुसऱ्याने मंजूर करावं. ‘आमचं खातं बदललं’ असा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करा, मग एक रुपया पाठवून नाव जुळतं का ते बघा.

आवक

गेटवर मालासोबतचं चलन आलं की त्यावर परचेस ऑर्डरचा नंबर आहे का ते आधी बघा. नंबर नसेल तर माल बाजूला ठेवा आणि परचेसला विचारा. सेटिंगमध्ये ‘ऑर्डरशिवाय आवक नाही’ आणि ‘आवकेशिवाय बिल नाही’ हे दोन्ही चालू करा. स्टोअरकीपरला चलनावरचा आकडा उतरवू देऊ नका. त्याने मोजलेला किंवा काट्यावर आलेला आकडाच भरायचा. स्वीकारलेला आणि नाकारलेला माल वेगळ्या गोदामात दाखवायचा, नाहीतर नाकारलेला बार साठ्यात धरला जातो आणि इंडेंट निघत नाही.

आवकेची तारीख त्याच दिवशी पडली पाहिजे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर ठरलेली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. मालात खोट असेल तर हरकतही १५ दिवसांच्या आत लेखी जायला हवी. आयकरातली ४३ बी (एच) ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. मुदत उलटूनही ३१ मार्चला रक्कम बाकी असेल, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पैसे देता त्या वर्षी होतो. व्यापारी पार्टीला हे लागू नाही, म्हणून मघाशी उत्पादक की व्यापारी ते विचारलं.

बिल

ऑर्डर, आवक, बिल हे तिन्ही जुळले तरच बिल पास करा. सूट म्हणजे ऑर्डर आणि बिलात किती फरक चालवून घ्यायचा ते. भावात ती शून्य ठेवा. नगात मोजायच्या मालाला नगातही शून्य. वजनाच्या मालाला २ टक्के द्या, कारण बारचा व्यास आणि लांबी थोडी इकडेतिकडे असते आणि दोन वजनकाटे क्वचितच सारखं दाखवतात. १,००० किलोच्या ऑर्डरवर १,०१४ किलो आलं तर जाऊ द्या, १,०३० आलं तर बिल थांबवा. सरसकट ५ टक्के सूट दिली तर महागड्या टूलमध्येही ती वापरली जाते.

जीएसटीची जुळणी दर महिन्याच्या १४ तारखेनंतर करा, त्या दिवशी २बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांचं पोर्टलवरचं विवरण, तयार होतं. बिल २बीमध्ये नसेल तर त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट धरता येत नाही. अशा बिलांची यादी त्याच आठवड्यात पार्टीला पाठवा, सहा महिन्यांनी पाठवून हाती काही लागत नाही.

आपोआप इंडेंट

आता रिऑर्डर लेव्हल. रोजचा वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव. इन्सर्ट रोज ६ लागतात, माल यायला ७ दिवस, राखीव ३०, म्हणजे लेव्हल ७२ आणि ऑर्डर १०० ची. दिवस मोजताना मंजुरीला लागणारा वेळही धरा. पहिल्या महिन्यात जास्त खपाच्या पंधरा-वीस वस्तूंनाच हे लावा.

एक फसगत मात्र हमखास होते. इआरपीनेक्स्ट नुसता रॅकवरचा साठा बघत नाही, येणं बाकी असलेला मालही त्यात धरतं. १०० ची ऑर्डर दिली, ६० आले, पार्टीने उरलेले ४० देता येत नाहीत म्हणून सांगितलं, पण ऑर्डर कुणी बंद केली नाही. रॅकवर ४० उरले तरी सिस्टिमला ८० दिसतात. इंडेंट रॅकवर ३२ उरल्यावर निघतो, म्हणजे पाच दिवसांचा माल हातात आणि यायला सात दिवस. दर सोमवारी तारीख उलटलेल्या अर्धवट ऑर्डरींची यादी काढा आणि एकेक निकालात काढा: माल आणा नाहीतर ऑर्डर बंद करा. हे काम सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही.

मंजुरी

दोन टप्पे पुरतात. उदाहरणार्थ २५,००० पर्यंत परचेस मॅनेजर, त्यावर मालक. तीन टप्पे ठेवलेत की लोक फोनवर माल मागवतात आणि ऑर्डर मागाहून बनवतात. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच ऑर्डरचे तुकडे होतात का, हे पाहायला ‘तीच पार्टी, तीच वस्तू, सात दिवसांत’ असा रिपोर्ट बनवून ठेवा.

रात्री मशीन बंद पडली तर बेल्ट आणायला मंजुरीची वाट बघता येत नाही. म्हणून तातडीच्या खरेदीचा वेगळा रस्ता ठेवा: ५,००० पर्यंत, कारण लिहून, दुसऱ्या दिवशी नोंद करून. रोखीने एका पार्टीला एका दिवसात १०,००० च्या वर गेलात तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. महिन्याच्या शेवटी या तातडीच्या यादीत एकच वस्तू तीनदा आली असेल, तर तिची रिऑर्डर लेव्हल वाढवा.