मागून येणाऱ्या हल्ल्यासाठी खडूचं घड्याळ

समोरचा ठोसा अडवता येऊ लागला की पुढची अडचण कळते: मागून किंवा बाजूने कुणी आलं की नुसती मान वळते, पाय तिथेच खिळून राहतात. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीतला ३६० अंशांचा बचाव (वरून, बाजूने, खालून येणारे वार हाताने अडवणं; कोपर साधारण ९० अंशांत, मार मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर घ्यायचा) पाठ असला तरी हे होतंच.

गच्चीवर खडूने दोन-तीन पावलं रुंद गोल काढा. कडेला १२, ३, ६, ९ लिहा.

१. मध्ये १२ कडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहा. तिघे जण सरावाचे मऊ पॅड घेऊन हल्लेखोर म्हणून भोवती फिरतील.
२. पॅड अंगाला लागताच डोळे उघडा, हात चेहऱ्यापुढे घ्या आणि आकडा मोठ्याने म्हणत तिकडे वळा. आकडा म्हणायला लागल्यापासून माझे पाय लगेच वळू लागले.
३. अडवा, एकच प्रतिवार करा आणि गोलाबाहेर पडा, तेही असे की तिघे एकामागे एक येतील. मध्ये थांबू नका.

टाचेवर गिरकी घेऊ नका, गुडघा पिळवटतो. चवड्यावर वळा, आणि पहिला आठवडा निम्म्या वेगानेच करा.