पाळीत लघवीला जळजळ होते? मग या चुका टाळा

माझी धाकटी बहीण ऐरोलीला असते, पाळी आली की तिला लघवीला जळजळ, सारखं सारखं जावं लागायचं, आणि दर वेळी युटीआय (लघवीचं इन्फेक्शन) म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स. एकदा तिचे लघवीतले जंतू बघणाऱ्या तपासणीचे, म्हणजे कल्चरचे, तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितले, तिन्हीवर 'नो ग्रोथ' (जंतू वाढले नाहीत) आणि तिन्ही तारखा पाळीतल्या! एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलेलं, तेही मूत्राशयावर. त्यामुळे त्रास पाळीबरोबर येत-जात असेल आणि कल्चरमध्ये काही सापडत नसेल तर तेच औषध परत परत घेत बसू नका, गायनॅकला तारखांसकट सांगा.

याहून धोक्याची चूक म्हणजे गर्भाशय आणि ओव्हरीची सोनोग्राफी करून थांबणं. मूत्राशयावरची गाठ निदान त्रास तरी देते, पण किडनीकडून येणारी नळी आवळली गेली तर किडनी हळूहळू सुजत जाते आणि कधीकधी काही दुखतसुद्धा नाही, कळतं तेव्हा ती कामातून गेलेली असते. डीप (खोल शिरलेला) एंडोमेट्रिओसिस सांगितलाय ना, मग किडनीची सोनोग्राफी मागून करून घ्या. डायनोजेस्टच्या (हार्मोनच्या) गोळीने दुखणं कमी होतं, पण व्रण होऊन आवळलेली नळी तिने मोकळी होईलच असं नाही, म्हणून बरं वाटतंय तरी फॉलोअप चुकवू नका.

ऑपरेशन ठरलं की टीममध्ये युरोलॉजिस्ट आहे का ते आधीच विचारा. नुसती लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडली तर बाहेरचा भाग तसाच राहतो, कारण ही गाठ बाहेरून आत आलेली असते. लॅपरोस्कोपीत (पोटातून दुर्बीण घालून) तेवढा भाग कापून मूत्राशय शिवतात, मग साधारण 7 ते 10 दिवस कॅथेटर (लघवी बाहेर पिशवीत नेणारी नळी). आम्ही घरी येताना रिक्षात पिशवी तिच्या मांडीवर ठेवली होती, ते अगदी चूक, पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी नाहीतर लघवी उलटी फिरते.

किडनीकडून येणाऱ्या नळीत डीजे स्टेंट (ती मोकळी ठेवणारी बारीक नळी) घातला असेल तर लघवी करताना कमरेत कळ येते, लघवी थोडी लालसर होते, त्याला घाबरू नका, पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. आणि स्टेंट विसरायचा नाही, त्यावर खडे धरतात! हिचा 6 आठवड्यांनी काढायचा होता, आईने डिस्चार्ज कार्ड बघून त्याच दिवशी कालनिर्णयवर तारखेला लाल पेनाने गोल केला.