कॉलेजचा पुढच्या हंगामातला बास्केटबॉल संघ: आधी मिनिटं, मग नावं

इंदुरात कॉलेजच्या टीमबद्दल अंदाज बांधायला वेळकाळ लागत नाही. छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्याची प्लेट हातात आली की पाच नावं ठरलेली असतात: गेल्या वर्षी जास्त पॉइंट काढणारे चौघे आणि पाचवा तो, जो सगळ्यांत उंच. ऑगस्टमधली ही पाच नावं पहिल्या सामन्याला कोर्टावर क्वचितच दिसतात. मुलं वाईट खेळतात असं नाही. अंदाजात हिशेबच नसतो. सामना 40 मिनिटांचा, कोर्टावर पाच जण, म्हणजे कोचच्या हातात वाटायला नेमकी 200 मिनिटं. एकाला चार वाढवून दिली की दुसऱ्याची चार कापली जातात. म्हणून सुरुवात नावांपासून न करता मिनिटांपासून करायची.

आधी गेल्या हंगामाची स्कोअरशीटं गोळा करा. निदान पाच-सहा सामन्यांची तरी हवीत, आणि त्यांत हरलेले सामनेही असू द्या. कार्बन प्रती वापरात असतील तर फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, पद्धतीप्रमाणे जिंकलेल्या संघाला गुलाबी आणि हरलेल्याला पिवळी प्रत मिळते. बहुतेक कॉलेजांत ती क्रीडा अधिकाऱ्याच्या कपाटात पडून असते. तिच्यात दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं. खेळाडूच्या नंबराशेजारच्या x भोवती गोल असेल तर तो सुरुवातीच्या पाचांत होता; नुसता x म्हणजे नंतर उतरला; काहीच नसेल तर बाकावरून उठलाच नाही. रनिंग स्कोअरच्या (वाढत जाणाऱ्या पॉइंटांच्या) रकान्यात नंबराभोवती गोल म्हणजे तीन पॉइंटचा बास्केट, भरीव ठिपका म्हणजे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट). फाउलच्या चौकटींत हाफटाइमला एक जाड रेघ मारलेली असते. त्या रेघेआधी तीन फाउल असलेला मुलगा किती सामन्यांत दिसतो ते मोजा. फाउल पाच झाले की खेळाडू बाहेर, त्यामुळे अशा मुलाच्या नावापुढे 30 मिनिटं लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

हुकलेला फ्री थ्रो स्कोअरशीटवर येत नाही, फक्त पडलेला येतो. पण समोरच्या संघाच्या फाउलमध्ये P1, P2 अशा नोंदी असतात; P म्हणजे फाउल, पुढचा आकडा म्हणजे त्यावर मिळालेले फ्री थ्रो. या आकड्यांची बेरीज केली की आपल्या संघाला एकूण किती फ्री थ्रो मिळाले ते कळतं, आणि ठिपके मोजले की किती पडले तेही. हा आकडा संघाचा, एकेकट्याचा नाही. रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल), असिस्ट (बास्केट घडवणारा पास), टर्नओव्हर (घालवलेला बॉल) आणि मिनिटं मात्र शीटवर नसतातच. ती व्हिडिओवरून काढावी लागतात. प्रत्येक बदलाच्या वेळी घड्याळात काय होतं ते लिहा: 7 नंबर 10:00 ला आत, 4:20 ला बाहेर, म्हणजे 5 मिनिटं 40 सेकंद. क्वार्टर संपला की सगळ्यांची बेरीज 50 मिनिटं यायला हवी. 47 आली तर एखादा बदल नजरेतून सुटलाय. पुन्हा बघा, अंदाजाने भरू नका.

मिनिटं हातात आली की कोण जातंय ते ठरवा. इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. 'थर्ड इयर म्हणजे गेला' हे जुनं गणित आता चालत नाही. मध्य प्रदेशात 2021-22 पासून नवीन शिक्षण धोरण आलं आणि पदवीला चौथं वर्षही घेता येतं; शिवाय तोच मुलगा एम.कॉम.ला त्याच कॉलेजात राहू शकतो. उलट, सेकंड इयरचा मुलगाही जाऊ शकतो: खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली, वडिलांची बदली झाली, दुसऱ्या कॉलेजने फी माफ केली. एटीकेटी आणि हजेरीही विचारून घ्या. वयाची व पात्रतेची अट त्या वर्षीच्या परिपत्रकात असते, ती वाचा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. प्रत्येक नावापुढे 'नक्की', 'बहुतेक', 'अर्धं-अर्धं' यांपैकी एक शब्द लिहा. कोऱ्या जागेवर आपण आपल्याला हवं तेच वाचतो.

आता वाटप. समजा, गेल्या वर्षी सुरुवातीच्या पाचांनी सरासरी अशी मिनिटं खेळली: पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ रचणारा) 34, शूटर 30, विंग (कडेने खेळणारा) 28, पॉवर फॉरवर्ड (सेंटरच्या जोडीला आत खेळणारा) 26, सेंटर (रिंगखालचा) 24. म्हणजे 142. बाकावरून सहावा 20, दुसरा गार्ड 14, दुसरा सेंटर 14, नववा 10, हे 58. यांतून पॉइंट गार्ड, सेंटर आणि सहावा असे तिघं गेले. मोकळी झाली 78 मिनिटं. शूटरला 34 च्या वर नेऊ नका, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय जड होतात आणि शॉट रिंगच्या पुढच्या काठावर आपटायला लागतो. त्याला 4 द्या, विंगला 3, पॉवर फॉरवर्डला 4. दुसरा गार्ड 14 वरून 26 वर, दुसरा सेंटर 14 वरून 24 वर, नववा 10 वरून 18 वर. वाटली 41, उरली 37. ही 37 मिनिटं नवीन मुलांची, आणि ती एकाला मिळत नाहीत. साधारण 18, 12, 7 अशी तीन जणांत जातात. ज्या अंदाजात नव्या मुलाला थेट 30 मिनिटं दिलेली असतात, तिथे जुन्या कुणाची तरी मिनिटं गुपचूप गायब झालेली असतात. शोधून बघा.

मिनिटं वाढली की पॉइंट त्याच दराने वाढतील असं धरू नका. बाकावरचा मुलगा 14 मिनिटांत 6 पॉइंट काढतो, म्हणून 28 मध्ये 12 काढेल हे त्रैराशिक शाळेत बरोबर, कोर्टावर चुकीचं. त्याची ती 14 मिनिटं समोरच्या दुसऱ्या फळीविरुद्ध गेलेली असतात. आमच्या मते 12 ऐवजी 9-10 धरणं शहाणपणाचं. रिबाऊंड मात्र बऱ्यापैकी टिकतात. जो रिंगखाली जागा धरतो, तो कुणासमोरही धरतो.

शॉटचंही वाटप करा. गेलेला पॉइंट गार्ड सामन्याला 15 शॉट घेत होता, तर ते 15 कोण घेणार? आणि त्याहून कठीण प्रश्न: शूटरचे तीन पॉइंटचे शॉट कुणाच्या पासवर पडत होते? व्हिडिओ लावून अर्ध्या कोर्टाचं चित्र काढा. पास पकडून लगेच मारलेल्या शॉटला ठिपका, ड्रिबल करून मारलेल्याला फुली. शूटरच्या नावावर 40 ठिपके आणि 6 फुल्या असतील, आणि त्यांतल्या 25 ठिपक्यांचा पास गेलेल्या गार्डचा असेल, तर पुढच्या वर्षी त्याचा आकडा खाली येणार, कितीही सराव केला तरी. तीनपैकी एक तीन-पॉइंटर पडला तर तो दोनपैकी एक साध्या बास्केटइतकाच मोलाचा असतो, त्यामुळे 33 टक्क्यांच्या आसपास राहिला तरी त्याची जागा पक्की. 25 वर घसरला तर कोच त्याला कोपऱ्यातून उचलून डिफेन्सच्या कामावर लावेल.

भूमिका लिहिताना '1, 2, 3, 4, 5' हे जागांचे नंबर (पॉइंट गार्ड 1 ते सेंटर 5) बाजूला ठेवा आणि कामं लिहा. फुल कोर्ट प्रेसमध्ये, म्हणजे समोरचे पूर्ण कोर्टभर अंगावर येतात तेव्हा, बॉल पुढे कोण आणतं? बेसलाइनवरून थ्रो-इन कोण करतं? समोरच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला कोण धरतं? डिफेन्स रिबाऊंड कुणाचा? आतल्या शॉटला हात कोण लावतं? या पाच कामांपुढे नावं भरली की बहुतेक संघांत एक काम रिकामं राहतं. ते बऱ्याचदा पहिलंच असतं, कारण हँडल असलेली, म्हणजे दबावात ड्रिबल सांभाळणारी, दोन मुलं एका कॉलेजला मिळणं कठीण. ज्याच्यामुळे हे रिकामं काम भरतं, तो सरासरी 4 पॉइंटचा असला तरी पहिल्या पाचांत जातो. पोहेवाल्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं.

ट्रायल बघायला जमलं तर जाच. उंचीवर भुलू नका. भिंतीशी उभं राहून वर केलेला हात किती पोचतो ते जास्त खरं. रिंग सगळ्यांसाठी 3.05 मीटरवरच असते. शाळेतल्या सरासऱ्या बाजूला ठेवा. त्यापेक्षा सराव संपताना, दम लागलेला असताना, नव्या मुलाला 25 फ्री थ्रो मारायला सांगतात का बघा आणि मोजा. सात-आठ तीन-पॉइंटरवरून शूटर ओळखता येत नाही, फ्री थ्रोवरून बराच ओळखता येतो. जागाही लिहून ठेवा. पावसाळ्यात सिमेंटची उघडी कोर्टं शेवाळतात आणि सराव रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससारख्या छताखालच्या जागी जातो. वारा नाही, पाय घसरत नाही, बॉल सारखा उसळतो; हॉलमधला 40 टक्क्यांचा शूटर उघड्यावर तेवढाच राहील याची खात्री नसते. पुढचे सामने कुठे आहेत ते त्यासाठी विचारायचं.

कोचची सवय हा सगळ्यांत भरवशाचा धागा. तीन वर्षांची शीटं मांडून बघा: तो आठ जण खेळवतो की दहा? पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झालेल्याला बसवतो का? फर्स्ट इयरवाल्याला कधी सुरुवातीला उतरवलंय का? तीन वर्षांत एकदाही नसेल, तर या वर्षीचा नवा मुलगा कितीही चांगला असो, तो बाकावरून येणार असं लिहा. कोच बदलला असेल तर मात्र जुन्या शीटांवरून खेळाडू कळतील, बदलांची पद्धत कळणार नाही.

शेवटी यादी एकच करू नका, तीन करा. एक सुरुवातीच्या पाचांची. दुसरी शेवटच्या दोन मिनिटांची, आणि ती वेगळी असते. त्या वेळात बास्केट पडला तरी घड्याळ थांबतं, बास्केट खाल्लेल्या संघाला बदल करता येतो, आणि क्वार्टरमधला पाचवा टीम फाउल झाला की समोरच्याला दोन फ्री थ्रो. त्यामुळे पुढे असलेला कोच चांगले फ्री थ्रो मारणारे आणि बॉल न घालवणारे आत ठेवतो, सेंटर बऱ्याचदा बाहेर बसतो. तिसरी यादी वाईट दिवसाची: मुख्य गार्डला तीन फाउल, समोरून प्रेस, आता कोण? हिचं उत्तर सुचत नसेल तर 37 मिनिटांचं वाटप पुन्हा करा. मुलींच्या टीमलाही हाच हिशेब लागू. तिथे बाक लहान असेल तर पहिल्या पाचांची मिनिटं वर सरकवा.

यादीवर तारीख घाला. पहिल्यांदा ट्रायलनंतर, दुसऱ्यांदा जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी दुरुस्त करा. संभाग (विभाग) पातळीवर जाईपर्यंत कोचचे बदल बहुतेक स्थिरावतात. पाच सामने झाले की प्रत्येकाची लिहिलेली आणि खरी मिनिटं यांतला फरक काढा, वजा-अधिक न बघता बेरीज करा आणि निम्मी करा. तेवढी मिनिटं चुकीच्या माणसाच्या खात्यात गेली. 200 पैकी 30 च्या आत असेल तर काम चांगलं झालं. 60 च्या वर गेली तर फरक कुणाच्या नावापुढे साठलाय ते बघा. एका जखमी मुलाच्या नावापुढे साठला असेल तर पद्धत तशीच ठेवा. तिन्ही नव्या मुलांच्या नावापुढे साठला असेल, तर पुढच्या वर्षी ती 37 मिनिटं आधी जुन्यांना विचारून मग वाटा.