गावात 'पॉल'चा सिनेमा लावायचा तर

2018 चा 'पॉल, अपोस्टल ऑफ क्राइस्ट' 1 तास 48 मिनिटांचा आहे आणि त्यातला बराच वेळ प्रेषित पौल नि त्याचा सोबती लूक रोमच्या कोठडीत बोलत बसलेले दिसतात. येशूच्या जीवनावरचा सिनेमा असेल असं समजून जमलेलं गाव इथं अर्ध्या तासात चुळबुळ करू लागतं. बघणाऱ्यानं बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचलेलंच असेल, असं हा सिनेमा गृहीत धरतो.

म्हणून आदल्या रविवारी उपासनेत त्यातले अध्याय 7 ते 9 वाचून घ्या. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार होताना लोकांनी ज्या तरुणाच्या पायाशी वस्त्रं ठेवली तो शौल, आणि तोच पुढचा पौल, हे स्पष्ट सांगा. सिनेमात तरुण शौलाचं काम दुसऱ्याच नटानं केलंय, गोष्टही मागेपुढे उड्या मारते. आधी सांगितलं नाही तर हा कोण नवा खलनायक, अशी कुजबुज सुरू होते. कॅथलिक घरं 'संत पॉल' म्हणतात; फलकावर दोन्ही नावं लिहा.

तुरुंगाधिकारी मॉरिशियस आणि त्याची आजारी मुलगी बायबलात नाहीत, ती पात्रं रचलेली आहेत. पौलाचा शिरच्छेदही परंपरेतून आलेला. 'कृत्ये' तर पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षं राहिला इथंच संपतं. यावर प्रश्न हमखास येतो, उत्तर तयार ठेवा.

सुरुवातीलाच रोमच्या रस्त्यावर माणसं मशालींसारखी जळताना दिसतात. आणि सगळ्यात पुढच्या सतरंजीवर बसतात ती बारकी पोरंच! त्यांना आईजवळ बसवा.

ओटीटीचं वर्गणीखातं घरापुरतं असतं. गावात दाखवायला हक्कधारकाचा वेगळा परवाना लागतो, स्वतः मराठी सबटायटल्स करायची तर त्यालाही परवानगी घ्या. सबटायटलची फाईल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात (एन्कोडिंगमध्ये) साठवा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात. मेळघाटात कोरकू बोलणारी म्हातारी माणसं असतील तर माईकवर एक जण बसवा. त्यानं प्रसंग बदलताना दोन वाक्यांत सांगावं, संवादांवर बोलू नये.

पडदा 8 बाय साडेचार फूट, प्रोजेक्टर 3000 ल्युमेन्स उजेडाचा. पहिली रांग 12 फुटांवर, शेवटची 27 फुटांच्या आत. त्यापलीकडे सबटायटल वाचवत नाही. स्पीकर पडद्याशेजारी हवा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातच्या आधी चित्र फिकं दिसतं. दहा मिनिटं ओळख, दहा मिनिटं मध्यंतर धरून पावणेदहापर्यंत आटोपतं. दहानंतर उघड्यावर भोंगा चालत नाही, आणि त्याआधीसाठीही लेखी परवानगी लागतेच.

लाईन जाणार, हे धरूनच चाला. प्रोजेक्टर सुमारे 300 वॅट, स्पीकर 100. 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची चांगली बॅटरी एवढ्यावर दोनेक तास पुरते. त्यावर पंखे लावू नका. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस'वर असू द्या. साध्या मोडवर लाईन जाताना क्षणभर खंड पडतो नि प्रोजेक्टर बंद होतो, मग गरम दिवा पुन्हा लागायला वेळ घेतो. प्रोजेक्टरखाली गोधडी घालू नका, हवेचे झरोके बुजले की उन्हाळ्यात तापून तो आपोआप थांबतो.

सिनेमा संपल्यावरही प्रोजेक्टरचा प्लग लगेच उपटू नका. बटणानं बंद करा, आतल्या पंख्याचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहा, तोवर सतरंज्या गोळा होतात.