ऑटो-हाइड टास्कबारने डोकं फिरवलं, शेवटी असं सुटलं

लॅपटॉपची स्क्रीन १४ इंची, एक्सेलच्या दोन ओळी जास्त दिसतील म्हणून मीच हौसेने विंडोजच्या टास्कबारला (स्क्रीनच्या तळाची आयकॉनची पट्टी) ऑटो-हाइड लावलं होतं, म्हणजे माउस कडेला नेईपर्यंत ती लपूनच राहते. आणि मग व्हायचं काय, खालच्या शीट टॅबवर क्लिक करायला माउस खाली नेला की तो जरासा पुढे जाऊन कडेला टेकायचा, टास्कबार टुणकन वर यायचा आणि बरोब्बर त्या टॅबवरच बसायचा, म्हणजे जायचं मे महिन्याच्या शीटवर आणि उघडलं व्हॉट्सअ‍ॅप! कडेवर माउस आपोआप थांबतो, त्यामुळे तिथे पोचणं सगळ्यात सोपं (फिट्सचा १९५४ चा नियम बघा, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं ते पटकन गाठता येतं), इथे तीच सोय अंगावर आली.

आधी वाटलं टचपॅडच गेलं, दोन दिवस त्याचाच स्पीड कमीजास्त करत बसलो, येडेपणा नुसता.

मग कंट्रोल धरून पेज डाउन दाबलं तर पुढचं शीट, पेज अप दाबलं तर मागचं, माउस लागतच नाही. पण सवय काय पटकन जाते का, हात खालीच जायचा, म्हणून शेवटी टास्कबारवर राइट क्लिक करून सेटिंग्जमधली ऑटोमॅटिकली हाइडची टिक काढून टाकली. दोन ओळी गेल्या, जाऊदेत. आणि हो, कंट्रोल एफ-वनने एक्सेलची वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, मिटते, ओळी तिथून वसूल.