रसायनशास्त्राची व्याख्या कशी करावी : चुनखडीच्या आधाराने

‘रसायनशास्त्र म्हणजे रसायनांचा अभ्यास’ हे वाक्य व्याख्या म्हणून निरुपयोगी आहे, कारण रसायन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या ज्ञानात त्याने काहीच भर पडत नाही. ‘द्रव्याचा अभ्यास’ म्हणावे, तर वरून सोडलेला दगड किती वेगाने पडेल हा भौतिकशास्त्राचा प्रश्नही त्यात शिरतो. म्हणून व्याख्या करू पाहणाऱ्याने आधी एखादा ओळखीचा पदार्थ निवडावा, त्याविषयी रसायनशास्त्रज्ञ कोणते प्रश्न विचारतो ते पाहावे आणि मगच वाक्य लिहायला घ्यावे. येथे आपण चुनखडी घेऊ.

पहिला प्रश्न संघटनाचा. चुनखडी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि त्यात कॅल्शियम, कार्बन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे प्रमाण १:१:३ असे ठरलेले असते. दुसरा प्रश्न संरचनेचा. कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट ही दोन्ही खनिजे कॅल्शियम कार्बोनेटचीच. तरीही कणांची मांडणी वेगळी असल्यामुळे अ‍ॅरॅगोनाइट अधिक घनतेचे आणि थोडे अधिक कठीण असते. संघटन कळले म्हणजे पदार्थ कळला असे होत नाही, हे व्याख्येत उतरलेच पाहिजे.

तिसरा प्रश्न परिवर्तनाचा, आणि माझ्या मते व्याख्येचा प्राण येथेच आहे. चुनखडी कुटली तर तिची पूड होते, पण ती चुनखडीच राहते. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर मात्र कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो इतकी उष्णता सोडतो की पाण्याला उकळी फुटू शकते. हा विरलेला चुना पाण्यात ढवळून वरची निवळी घेतली आणि तीत नळीने फुंकले, तर श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन ती दुधाळ होते. (चुन्याचा गिलावा हळूहळू घट्ट होतो तो मुख्यतः याच अभिक्रियेमुळे.) कुटण्यात नवा पदार्थ निर्माण झाला नाही, भाजण्यात झाला, शिवाय प्रत्येक टप्प्यावर उष्णता घेतली किंवा सोडली गेली. म्हणून ऊर्जेचा उल्लेख व्याख्येत शोभेसाठी नव्हे, गरजेपोटी येतो.

मात्र एवढ्याने ‘शास्त्र’ हा शब्द सार्थ होत नाही. कळीच्या चुन्याचा दाहकपणा भट्टीतील अग्नीचा अंश शोषल्यामुळे येतो, अशी एक समजूत पूर्वी होती. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वजने करून दाखवले की भाजताना चुनखडीत काही शिरत नाही, उलट तिच्यातून एक वायू बाहेर पडतो. आजच्या आकड्यांत सांगायचे, तर १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. हे विधान कोणीही तराजू घेऊन पडताळू शकतो, आणि ते चुकीचे असेल तर तसे सिद्धही करू शकतो.

आता वाक्य लिहावे : पदार्थांचे संघटन, संरचना व गुणधर्म, तसेच एका पदार्थाचे दुसऱ्यात होणारे परिवर्तन आणि त्यासोबत होणारी ऊर्जेची देवाणघेवाण यांचा मोजमाप व प्रयोगांच्या आधारे अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे रसायनशास्त्र.

लिहून झाल्यावर हे वाक्य सीमेवरच्या उदाहरणांवर तपासावे. युरेनियमच्या अणुकेंद्राचे विघटन होऊन थोरियम बनते, तेव्हाही एका पदार्थाचा दुसरा होतो; पण रासायनिक अभिक्रियेत अणुकेंद्रे तशीच राहतात आणि केवळ इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते. त्यामुळे काटेकोर व्याख्या हवी असल्यास ‘परिवर्तन’ या शब्दाआधी ‘अणुकेंद्रे न बदलता होणारे’ असे जोडावे. शालेय उत्तरात ही भर घातली नाही तरी चालते.